गाढवाच्या कानाचं ॲप

पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून मी कोल्हापूरला परत आले, तेव्हा घरात कुणी आरडाओरडा केला नाही. वडील एवढंच म्हणाले, "दसऱ्यापतोर बघू. तवर धा कारखानं वापराय लागलं तर ऱ्हा हितं. न्हाईतर गप पुण्याला जायाचं." मी हो म्हणाले. दहा हा आकडा मला जरा अपमानाचाच वाटला. माझ्या ॲपच्या सादरीकरणात तिसऱ्या पानावर मी हजार लिहिले होते. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

माझी कल्पना साधी होती. शिरोली एमआयडीसीतल्या प्रत्येक फाउंड्रीत शेकड्यांनी लाकडी पॅटर्न पडलेले असतात. पॅटर्न म्हणजे लोखंडी भागाचा लाकडी नमुना. त्याचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. दोन वर्षांनी तीच ऑर्डर पुन्हा आली की तो पॅटर्न रॅकमधून शोधून काढायचा, आणि त्यात अर्धा दिवस जातो, असं मी धरून चालले होते. माझ्या ॲपमध्ये ड्रॉइंगचा नंबर टाकला की पॅटर्न कुठल्या रॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे ते दिसणार होतं. आठ महिने खपून मी ते बनवलं. त्या आठ महिन्यांत मी एकाही फाउंड्रीत पाऊल ठेवलं नाही. आधी वस्तू तयार व्हावी, मग चार लोकांत न्यावी, असं माझं मत होतं.

मग मी निघाले. कारखान्याकारखान्यात चहा झाला, ॲप दाखवून झालं, आणि प्रत्येक मालक म्हणाला, "भारी हाय की!" दारी आलेल्या माणसाला नाराज करून पाठवायचं नाही, ही इथली रीत मी पुण्यात राहून विसरले होते. मी प्रत्येक 'भारी हाय की' होकार म्हणून वहीत लिहिला. पहिल्याच आठवड्यात अकरा झाले. वडिलांची अट पूर्ण होऊन वर एक शिल्लक, अशा आनंदात मी घरी पेढे आणले. पुढच्या आठवड्यात फोन केले तेव्हा अकराही जणांनी एकाच मालकाचं नाव घेतलं. "त्यांच्याकडं चालतंय का बघा की आदी. त्यांनी घेतलं की आमी हायच."

ते मालक वडिलांच्या ओळखीचे होते. अकरा जणांचं म्हणणं ऐकून ते म्हणाले, "आमच्या मामाला दाखीव. पॅटर्नचं सगळं त्येच बघत्यात."

मामा म्हणजे पॅटर्न स्टोअर सांभाळणारे गृहस्थ. सगळे त्यांना मामाच म्हणत, मालकसुद्धा. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण मालकांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. कारण एकच, त्यांचं डोकं. "मामाचं डोस्कं चालतंय तवर मामा हितं," असं मालक सगळ्यांदेखत सांगायचे. कौतुकानेच सांगायचे.

मी मामांना ॲप दाखवत होते तेवढ्यात सुपरवायझर दारातून ओरडला, "मामा, गाढवाचा कान कुठाय?"

मामा मान वर न करता म्हणाले, "तिसरा रॅक. खालनं दुसरा कप्पा. आडवा पडलाय बग."

गाढवाचा कान हे एका पंपाच्या भागाचं नाव होतं. शेजारीच सासूचं तोंड होतं, त्याच्याखाली बोडकं आणि मागे लंगडी म्हस. ड्रॉइंगचे नंबर ऑफिसातल्या कागदांवर होते आणि ऑफिसातच राहत. वाळूत काम करणाऱ्या एकालाही नंबर माहीत नव्हता. माझ्या ॲपमध्ये नंबरांशिवाय काही नव्हतं. पुण्यातल्या मार्गदर्शकांनी मला 'ग्राहकाची वेदना शोध' असं निदान दहा वेळा सांगितलं होतं, पण ग्राहक वेदनेला काय म्हणतो ते विचार, असं काही ते बोलले नव्हते.

मग महिनाभर मी मामांसोबत त्या स्टोअरमध्ये बसले. ते नाव सांगत, मी फोटो काढून भरत असे. मामांचा उत्साह बघून मी हरखून गेले होते. ते एकेका पॅटर्नचे दोन-दोन फोटो काढायला लावत, शेजारी काय आहे तेही लिहायला सांगत. मध्येच एखादा पॅटर्न हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा करत आणि मग म्हणत, "ह्येचं नाव उद्या सांगतो. तू हुडीक बरं तवर." माझी परीक्षा घेताहेत असं मला वाटायचं. जुनी माणसं खोडकर असतात, असं मी घरी येऊन कौतुकाने सांगितलंही.

श्रावणात ॲप सुरू झालं. पहिल्या दिवशी ते चाळीस जणांनी उतरवून घेतलं, सगळे भावकीतले. कागलच्या आत्याने पाच तारे देऊन 'खूप चविष्ट' असा अभिप्राय लिहिला. तिला वाटलं मी डबे पुरवते. भावकी आठवड्याभरात आटली आणि उरला एक वापरकर्ता. मामा. फाउंड्रीतले बाकीचे कुणी ॲप उघडतच नव्हते आणि मामा मात्र दिवसभर उघडझाप करत होते. इतकी, की हा नक्की बिघाड असणार असं समजून मी दोन दिवस कोड तपासत बसले. बिघाड काही सापडला नाही.

खंडेनवमी उजाडली. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे माझी मुदत संपत होती. मालकांना भेटून काय ते एकदाचं विचारावं म्हणून मी सकाळीच शिरोलीला गेले. यंत्रांना झेंडूच्या माळा घालणं चाललं होतं. स्टोअरमध्ये कुणी नव्हतं म्हणून मी मागच्या रॅकपाशी थांबले. बाहेरून आवाज आला, "मामा, सासूचं तोंड काडून द्या. दसरा झाला की लगीच लागतंय."

"थांब, चष्मा घिऊन आलो," असं म्हणत मामा आत आले. चष्मा डोळ्यांवरच होता. रॅकच्या आडोशाला त्यांनी खिशातून मोबाईल काढला, माझं ॲप उघडलं, फोटो शोधला, ओठ हलवत दोनदा वाचलं आणि मोबाईल खिशात टाकून खणखणीत आवाजात ओरडले, "पाचवा रॅक! वरचा कप्पा!"

वळले तर समोर मी.

"पोरी," मामा हळू आवाजात म्हणाले, "वरीस झालं. डोस्क्यात काय ऱ्हाईनाच. तुजं त्ये हाय म्हणून चाललंय."

"मग बाकीचे का वापरत नाहीत, मामा?"

त्यांनी खाली बघितलं. "मीच सांगिटलंय पोरांस्नी, त्ये अजून बिघडतंय म्हणून. समद्यांच्या खिशात आलं तर मला कोण ईचारतंय?"

मला भयंकर राग आला. माझे अकरा कारखाने, माझं कोल्हापूर, सगळं या माणसाने स्वतःच्या खिशात घालून ठेवलं होतं. आणि माझं ॲप चालतं, अगदी मामांच्या डोक्याइतकं चालतं, याचा एवढा पक्का पुरावा जगात दुसरा कुठला मिळणार नव्हता. तो पुरावा माझ्यापुढे टोपी सारखी करत उभा होता.

पूजेला सगळे भट्टीपाशी जमले. नारळ फुटला. प्रसाद देता देता मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, आज सोक्षमोक्ष लावूया. तुजं त्ये ॲप आमच्या मामांनी तरी वापरलं काय? मामा वापरत असतील तर घेतो बग. अकराच्या अकरांना मी फोन करतो."

मामा यंत्राच्या माळेकडे बघत होते. त्यांचा हात खिशावर होता.

"न्हाय," मी म्हणाले. "मामांना कशाला लागतंय?"

सगळे हसले. "बगा!" मालक मामांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "मशीन हारलं की!"

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी पुण्याला गेले. वडिलांनी डबा भरून दिला. मला वाईट वाटलं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

मामा पुढे दोन वर्षं कामावर राहिले आणि मानाने निवृत्त झाले. मालकांनी शाल दिली, भाषणात त्या डोक्याचा उल्लेख केला. आता ते गडहिंग्लजला लेकीकडे असतात आणि तिथे त्यांचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. ॲप मी बंद केलेलं नाही. त्याला एकच वापरकर्ता आहे. रोज सकाळी आठला, पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला, तो गडहिंग्लजहून ते उघडतो आणि गाढवाचा कान शोधतो.