पोथीत नसलेलं पान

सकाळी महादेवाच्या पिंडीवर पाणी घालताना मी मनात जे म्हणतो, त्यातलं निम्मं देवाचं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको पंचवीस वर्षं माझ्या मागे हात जोडून उभी राहते, तिलाही नाही. ‘ॐ नमः शिवाय’ अकरा वेळा होतं, आणि मग ओठ न हलवता मी म्हणतो, ‘मी जागेवर आहे.’ हे वाक्य कुठल्याही स्तोत्रात नाही. ते एका फाटक्या हिंदी कादंबरीतलं आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती मला सापडली. सिंदी रेल्वे या गावाहून वर्ध्याला पॅसेंजरनं जाणं-येणं होतं. एकदा परतताना बाकाखाली पडलेली दिसली. कव्हर नव्हतं, शेवटची पानंही नव्हती. त्यामुळे तिचं नाव काय आणि ती कोणी लिहिली, हे तेव्हा कळलं नाही, पुढेही नाही. गोष्ट आकाशातली होती. एक विझत चाललेला तारा, त्याच्याभोवती फिरणारे खडक आणि प्रत्येक खडकावर एकटा पहारेकरी. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून खूण पेटती ठेवायची, एवढंच त्याचं काम. नियम दोनच. आपली जागा सोडायची नाही. आणि जो निघून गेला त्याला हाक मारायची नाही, कारण हाकेनं आलेला जड पायानं येतो आणि आपल्या मनानं आलेला हलक्या. पाळी सुरू करताना पहारेकरी मोठ्यानं म्हणायचा, ‘मी जागेवर आहे.’ ऐकायला कोणी नसायचं.

वाचणाऱ्याला हसू येईल. पण त्या वर्षांत माझ्याबरोबरचे सगळे नागपूरला, पुण्याला नोकरीला चिकटले आणि मी वडिलांच्या दोन एकर भाजीच्या वाडीत परत आलो. बाजारात वांग्याचं पोतं उतरवताना कोणी वर्गातला भेटला की मी पोत्याच्या मागे तोंड लपवायचो. त्या पुस्तकानं मला उभं केलं. मी मागे राहिलो नव्हतो, पहाऱ्यावर होतो. आणि आमच्या गावचा महादेव तरी काय करतो? कोणाला बोलावत नाही, जागचा हलत नाही, येईल त्याचं पाणी घेतो. तो आणि तो पहारेकरी माझ्यात कधी एक झाले, मला सांगता येणार नाही. यात काही पाप आहे असं मला आजही वाटत नाही. पाप पुढे आहे.

वडील श्रावणात देवळात पोथी वाचायचे. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. वाणी बरी, अक्षर लागतं, आणि मला दुसरं काही बोलावं लागत नाही म्हणून मलाही ते आवडायचं. दुपारचं निंदण आटोपून पंधरा-वीस माणसं यायची, बायका जास्त. पोथी सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली, आजोबांच्या वेळची.

आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणात वाचता वाचता मी पान उलटलं आणि खाली मातीच सांडली. वाळवीनं मधली पाच-सहा पानं जाळी करून टाकली होती. ओवी अर्ध्यात तुटलेली. अध्याय अर्धवट सोडायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत, मलाही. समोर सगळे हात जोडून बसलेले. मी खालच्या कोऱ्या जाळीवर नजर ठेवली आणि त्याच सुरात पुढे बोलत राहिलो. काय बोलावं सुचेना, तेव्हा जे पाठ होतं तेच आलं. ताऱ्याचा मी कैलास केला, यानांचे यात्रेकरू केले, आणि पहारेकऱ्याचा केला शिवाचा एक गण. वाटेवर धुनी पेटती ठेवून बसलेला. जागा न सोडणारा, गेलेल्याला हाक न मारणारा, रोज ‘मी जागेवर आहे’ म्हणणारा. शंकर प्रसन्न होऊन त्याला म्हणाले की तुझं व्रत जो करील, त्याचं माणूस हलक्या पायानं घरी येईल.

शंकर असं काही म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो.

पुढच्या रांगेत शेजारच्या वाडीची मावशी बसली होती. सख्खी मावशी नव्हे, पण लहानपणापासून तेच म्हणत आलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत. शेती करायची नाही म्हणून भांडून गेला होता. मावशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता रोज संध्याकाळी त्याला फोन लावायची आणि फोनवरच रडायची. ‘ये ना रे बाप्पा, काऊन नाई येत?’ आमच्या दोन वाड्यांमधल्या बांधापलीकडून, धुऱ्यापलीकडून, मला सगळं ऐकू यायचं. पोरगा हळूहळू फोन उचलेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती धुऱ्यावर आली.

‘बाबू, काल पोथीत आलं ना, ते मले पुन्ना एकदा सांग.’

‘कोणतं, मावशी?’

‘तेच, हाक मारायची नाई म्हणून. मी तं रोज हाका मारून राह्यली ना त्याले. मीच त्याचे पाय जड करून राह्यली.’

‘मग आता?’

‘आता नाई मारत. महादेवानं सांगतलं ना!’

तिथेच सांगायला हवं होतं. मावशी, ते पान वाळवीनं खाल्लं, मी आपलं मनचं बोललो. दोन वाक्यं. मी ती बोललो नाही, आणि भीतीनं बोललो नाही असंही नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. इतकी वर्षं जे मी एकटा मनात धरून होतो, ते दुसऱ्या कोणीतरी हात जोडून घेतलं होतं. ते खरं झाल्यासारखं वाटलं.

आणि गंमत अशी की व्रत लागू पडलं. पंधरा दिवसांत पोरानं स्वतःहून फोन केला. आई, फोन नाही आला, बरी आहेस ना? मग दर रविवारी करू लागला. दिवाळीला आला, पाच दिवस राहिला, विहिरीत पोहला. मावशीनं वाडीतला सगळ्यात मोठा कोहळा माझ्या ओट्यावर आणून ठेवला. गावात बोलबाला झाला. दरवर्षी त्या अध्यायाला गर्दी वाढू लागली, आणि दरवर्षी मी त्या जाळीकडे पाहून तेच बोलू लागलो. देवळाच्या पायरीवर बसणारा एक म्हातारा तेवढा चिडवायचा. ‘राजेहो, माही बायको माहेरी गेलती, मीबी हाक नाई मारली. महिना झाला, येतेच नाई! पोथी खोटी निघाली तुमची!’ सगळे हसायचे. मीही हसायचो, पण माझं हसू दुसऱ्या कारणानं अडखळायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी हिवाळ्यात मावशीच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले, आणि वर्ध्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. आठ दिवस होती. आम्ही दोघं नवराबायको आळीपाळीनं थांबलो. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, ‘पोराले फोन लावा आधी.’

मावशीनं माझं मनगट धरलं. ‘नाई लावायचा. व्रत मोडते. तूच तं वाचलं बाबू, अन् तूच मोडतं का?’

‘मावशी, असं नसते ओ,’ बायको म्हणाली. ‘ऑपरेशन आहे.’

‘तू चूप राह्य. त्याले माहीत आहे काय लिहेलं आहे ते.’

मला माहीत होतं. तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि आता जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच मी हा कागद घेतला. त्या कादंबरीत एक पहारेकरी नियम मोडतो. एक यान खडकावर आदळणार असतं, तेव्हा तो ओरडून हाक मारतो, जागा सोडून धावत जातो. त्याला शिक्षा होत नाही. थोरला पहारेकरी त्याला एवढंच म्हणतो की नियम आपल्यासाठी होता, बुडणाऱ्यासाठी नव्हता. हे माझ्या आवडीचं पान होतं. पण देवळात सांगताना मी ते गाळलं होतं. व्रताला असे अपवाद शोभत नाहीत, सूर बिघडतो म्हणून गाळलं. सूर बिघडतो म्हणून.

मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेलो. त्याचा नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवायचा राहिला होता फक्त. मनात आलं, मावशीला जाऊन सांगू की पुढच्या पानावर असंही आहे, दुखण्याखुपण्यात बोलवावं. आणखी एक थाप मारली असती तरी भागलं असतं. पण ती विचारणार, मग इतकी वर्षं का नाही वाचलं? मी फोन खिशात टाकला. आत येऊन म्हणालो, ‘नाही लावत, मावशी.’ तिनं डोळे मिटले आणि माझा हात थोपटला. बायको माझ्याकडे पाहत राहिली. तिनं मला तेव्हापासून या बाबतीत काही विचारलेलं नाही.

रविवारी पोराचा फोन आला, तेव्हा मावशी खाटेवरूनच बोलली. ‘बरी आहो मी. तू जेवला का?’

महिन्याभरानं तो सुट्टीवर आला आणि त्याला कपाटात दवाखान्याची फाईल दिसली. तो तसाच माझ्या वाडीत आला. मी मेथी उपटत होतो.

‘दादा, आठ दिवस माही माय दवाखान्यात होती अन् तुम्ही मले एक फोन नाई केला?’

‘तिनं नाही म्हटलं.’

‘तिनं म्हटलं! तुम्हाले काही समजते की नाई? काऊन नाई म्हटलं तिनं?’

‘व्रत आहे तिचं,’ मी म्हणालो. ‘पोथीतलं.’

तो अगदी हळू म्हणाला, ‘म्हणजे मायीले पोरापेक्षा पोथी मोठी. अन् मी तिकडे माह्या पोरीले सांगून राह्यलो की तुही आजी लय हिमतीची आहे. ठेवा म्हणा मंग तुमचा महादेव तुमच्याजवळ.’

मी मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. ‘पोथीतलं’ हा एक शब्द मी मागे घेतला असता तर तो माझ्यावर चिडला असता, आईवर नाही. देवावर तर नाहीच. माझा अपराध मी महादेवाच्या नावावर लावून मोकळा झालो होतो. बिचारा जागचा हलत नाही, बोलतही नाही.

तेव्हापासून पोराचा रविवारचा फोन बंद आहे. मावशी लावत नाही, कारण व्रत. तो लावत नाही, कारण त्याला वाटतं की आईला त्याची गरज नाही. दोघांच्या मध्ये माझं पान आहे. मावशीची तब्येत उतरली, आता एकटीनं जुड्या बांधणं होत नाही, बायको जाऊन बांधून देते. विचारलं की मावशी म्हणते, ‘येईल. मी जागेवर आहो ना.’ माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी ते तिला ज्या निष्ठेनं म्हणताना ऐकतो, त्या निष्ठेनं मला ते इतक्या वर्षांत म्हणता आलेलं नाही.

या श्रावणात मी एक चलाखी केली. वर्ध्याहून नवी छापील पोथी आणली. म्हटलं, खरा अध्याय वाचू, ते पान आपोआप विरून जाईल, कोणाला काही सांगावं लागणार नाही. त्या जागी खऱ्या पोथीत बेल वाहण्याचं फळ आहे. मी वाचलं. वाचून पुढे निघालो.

‘बाबू,’ मावशी पुढच्या रांगेतून म्हणाली, ‘पान सुटलं.’

मी थांबलो.

‘हो ना, धुनीवाला गण नाई आला,’ मागून दुसरी बाई म्हणाली.

‘छापणाऱ्यानं कटौती केली वाटते,’ पायरीवरचा म्हातारा म्हणाला. ‘आजकाल बिस्किटाचा पुडाबी लहान झाला, पोथीचं काय!’

हशा झाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. खरी पोथी माझ्या मांडीवर उघडी होती आणि सगळ्यांच्या लेखी तीच अपुरी ठरली होती. मला वाटतं, देवानं मला यापेक्षा सोपी संधी दिली नसती. ‘ते पान कधी नव्हतंच’ एवढंच म्हणायचं होतं. मावशी मान उंच करून वाट पाहत होती. ऑपरेशननंतर तिचा चेहरा एवढासा झाला आहे.

‘सुटलं खरं,’ मी म्हणालो. आणि पाठ होतं ते म्हटलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मावशीचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. बुडणाऱ्याचं पान मी याही वेळी गाळलं.

पिंडीपुढे माफी मागून पाहिली. रोज मागतो. पण मी महादेवाचं काही बिघडवलेलं नाही, त्यामुळे तो ती देऊ शकत नाही. ज्यांचं बिघडवलं ते दोघं आहेत. एक धुऱ्यापलीकडे आणि एक पुण्यात.

मावशीला हे सांगायचं आहे की ते व्रत देवाचं नाही, एका कादंबरीतलं आहे, आणि त्यातही दुखण्यात हाक मारायला मनाई नव्हती. तिच्या मुलाला हे सांगायचं आहे की त्याच्या आईनं त्याला दूर ठेवलं नाही, मी ठेवलं. या दोन गोष्टी मी अजून सांगितलेल्या नाहीत.