रस्त्याकडची बाजू

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण झाडाची साल चाकूने नखाएवढी खरवडून ते जिवंत आहे की मेलेलं हे तो छातीठोकपणे सांगायचा. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जगणार, तपकिरी दिसलं तर संपलं. वन खात्यातले भले भले साहेब त्याच्यापुढे मान डोलवायचे. तीस वर्षं त्याने या एका चाकूवर घर चालवलं आणि थोडी घमेंडही बाळगली.

शहरात शिरताना डाव्या हाताला जंगल, उजव्या हाताला रसायनांचा कारखाना. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यातली टाकी फुटली, आगीचा लोळ रस्ता ओलांडून आला आणि जंगल दोन दिवस जळत राहिलं. माणसं थोडक्यात वाचली, पण शहराचं तोंड काळंठिक्कर पडलं. पाहुणा बसमधून उतरला की पहिलं पाऊल राखेत. मग ठरलं, मेलेली झाडं काढायची आणि रोपं लावायची. मेलेली कुठली ते अर्थातच डॉक्टर सांगणार. त्याने रस्त्यालगतची शंभर झाडं खरवडली आणि शंभरही खोडांवर लाल पट्टे मारले. त्या दिवशी त्याला जेवायची इच्छाच होईना.

"अहो, आग काय तुम्ही लावलीत? दोन घास खा," बायको म्हणाली. तेव्हा कुठे तो पानावर बसला.

साठ झाडं पडली. उरलेली चाळीस आज पडायची होती. डॉक्टर सकाळी लवकरच पोहोचला, आणि निसर्गाची हाक आली म्हणून एका झाडामागे गेला. काम उरकल्यावर हाताला चाळा म्हणून त्याने साल खरवडली.

खाली हिरवं होतं. ओलं, ताजं हिरवं.

तो पुढे आला. पुढून तपकिरी. पुन्हा मागे गेला, तर हिरवंच. शेजारचं झाड मागूनही मेलेलं निघालं. तिसरं पुन्हा हिरवं. त्याचं डोकं चालेना. मग हळूहळू उजेड पडला. तोडणाऱ्यांना दिसावा म्हणून पट्टा नेहमी रस्त्याकडून मारायचा, म्हणून तो सालही तिथूनच खरवडत आला होता. तीस वर्षं त्यात काही बिघडलं नव्हतं. पण ही आग रस्त्याकडूनच आली होती!

आता काय करायचं? अर्ध्या अंगाने जिवंत झाड जगतं का? की वादळात बसवर कोसळतं? रसायनाने भाजलेलं झाड त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ठेवा म्हणावं तर भीती, तोडा म्हणावं तर पाप. आणि ती साठ? तो तोडलेल्या बुंध्यांकडे गेला. पहिल्याची मागची साल तपकिरी निघाली आणि त्याला हायसं वाटलं. दुसरी हिरवी होती. तिसऱ्यापाशी त्याने चाकू मिटला.

तेवढ्यात तोडणाऱ्यांचा मुकादम करवत घेऊन आला. मागोमाग कामावरची इंजिनिअर.

"करू का सुरू, डॉक्टर?"

"थांब. माझी चूक झालीय." त्याने दोघांना झाडामागे नेऊन दाखवलं.

इंजिनिअर वाकून बघत राहिली. "काका, मग ही जगतील?"

"माहीत नाही."

मुकादम हसला. "डॉक्टरला माहीत नाही? आज सूर्य कुठून उगवला?"

डॉक्टर हसला नाही. इंजिनिअरने हळूच विचारलं, "तोडलेल्यांत किती जिवंत होती?"

"तेच बघायला गेलो होतो, बाई. दोन पाहिली, तिसऱ्यापाशी थांबलो."

"का?"

"झाड मेलेलंच निघू दे, असं वाटायला लागलं मला."

मुकादमाने करवत खाली ठेवली.