पाटावर बसायच्या आधी

१९३१ साल. मी तीस वर्षांचा विधुर होतो आणि गुहागरकडच्या एका विधवेशी माझा पाट लागायचा होता. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्यात पाट म्हणतात. दिवेलागणीला माझ्या अंगणात चार माणसं जमली, नवरानवरीला बसायला दोन पाट मांडले. तेवढ्यात मी सहज म्हटलं, बसायचा पाट, पोफळींना पाणी नेणारा पाट आणि हा लग्नाचा पाट, सगळे एकाच मुळाचे.

शेजारचे मास्तर हसले. "छे! तिघांची घराणी निराळी. एकमेकांचे कोणी लागत नाहीत."

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण पाण्याचे पाट स्वतः खणलेत. "मास्तर कबूल करत नाहीत तोवर मी बसणार नाही," मी सांगून टाकलं.

नवरीचा भाऊ कावला. "पावणे, बसताय की हिला घेऊन परत जाऊ?"

बायको हातची जाणार हे मला दिसत होतं. पण बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही. मी खांबाला टेकून उभाच.

शेवटी नवरीच बोलली, "घराणी निराळी, तरी तिघं एका नावाने नांदतात ना? आपण दोघं तरी कुठे एका घराण्यातली? आता बसा. भांडण उद्या करा."

मी बसलो. मास्तरांचं म्हणणं मात्र मला आजही पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांच्या दारात गेलो. ते राखुंडीने दात घासत होते. तोंड भरलेलं, म्हणून माझं सगळं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतलं.