देखछी

न्यू टाउनमधल्या आमच्या लॉ फर्ममध्ये ते माझे वरिष्ठ. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. काहीही विचारा, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणणार, “देखछी.” बंगालीत म्हणजे आपलं ‘बघतो’. रजा मागा, नवी खुर्ची मागा, उत्तर तेच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि आमच्याकडे नाही तर नाही असं तोंडावर सांगतात. मला हा माणूस गुळमुळीतच वाटायचा.

परवा फर्मच्या सामाजिक उपक्रमात आम्ही जवळच्या वस्तीत मोफत सल्ल्याचं टेबल मांडलं. एक चहावाली समोर बसली. बिल्डर तिची टपरी उठवायला निघाला होता. तिनं बिल्डरचं नाव घेतलं आणि मी दादांकडे पाहिलं. तो आमचाच अशील.

“पण माझ्याकडं पण पुरावा आहे,” ती म्हणाली.

मागे उभे असलेले फर्मचे मोठे साहेब हळूच म्हणाले, “बोलू दे तिला.” तिची बाजू आयती कळत होती.

दादांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “मासी, थांबा. पुढे एक शब्द बोलू नका. आम्ही त्या बिल्डरचेच वकील आहोत. कोर्टातल्या सरकारी मोफत वकिलाकडे जा, आजच.”

ती घाईनं उठून गेली.

परतताना गाडीत साहेबांनी विचारलं, “आता अशिलाला काय सांगणार आहेस?”

दादांचा चष्मा कपाळावर गेला.

“देखछी.”