डहाणूवालीने माफी दिली नाही

डहाणूवाली कुणाचं वाईट विसरत नसे. जेद्दाच्या ज्या हॉस्पिटलात मी दापोलीहून नर्स म्हणून गेले, तिथे ती आमची वॉर्ड सिस्टर होती. मूळची इराणी जरथोस्ती, माहेर डहाणूच्या चिकूवाडीतलं, मराठी आमच्याइतकंच सफाईदार. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "डिकरी, मला दुखवू नकोस. माझी आठवण फार चांगली आहे."

१९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं. इराकची स्कड क्षेपणास्त्रं रियाधवर पडत होती, पण जेद्दातही गॅसचे मुखवटे उशाशी आले. आमचे पासपोर्ट हॉस्टेलच्या मुंबईकर अधिकाऱ्याकडे असत. आमच्याच वॉर्डातल्या नर्स लीलाम्माची आई केरळात मरणाला टेकली होती. तिने रजा मागितली, तर त्याने विमानात जागाच नाही म्हणून परत पाठवलं. चार दिवसांनी आई गेली. लीलाम्मा ड्युटीवरच खाली बसली. तिला उठवणारी डहाणूवाली होती.

पुढच्या शुक्रवारी ती मला घेऊन शराफियात, जेद्दातल्या भारतीयांच्या बाजारात गेली. तिथल्या तिकीटवाल्याकडून तिने विमानाच्या प्रवाशांच्या यादीची प्रत मिळवली. हॉस्पिटलने अडलेल्या नर्सेससाठी तीन जागा राखल्या होत्या. त्या जागांवरून त्या अधिकाऱ्याची बायको आणि दोन मुलं गेली होती. मी म्हटलं, आजच डायरेक्टरकडे देऊ. तिने प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. आधी तिला त्याला आपल्यासमोर वाकलेलं बघायचं होतं.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा तिचा सेपंदारमजगान आला. प्रेमाचा, बायकांचा आणि धरणीमातेचा सण. असले सण तिथे उघड करायची सोय नव्हती. खोलीचे पडदे ओढून तिने ताटलीतल्या मातीत गहू पेरले, मला आणि लीलाम्मालाही पेरायला लावले. या दिवशी तिचे आजोबा स्वयंपाक करायचे आणि आजी खुर्चीवर बसून हुकूम सोडायची, असं सांगताना ती खुदकन हसली. तिला असं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्याच दुपारी तो अधिकारी मूतखड्याने कळवळत आमच्या वॉर्डात आला. डहाणूवालीने डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन लगेच दिलं, एक मिनिटही उशीर केला नाही. कळ पूर्ण थांबल्यावर मात्र यादी त्याच्या छातीवर ठेवली आणि लीलाम्माला बोलावून घेतलं.

"आज आमचा सण आहे," ती म्हणाली. "बाई मागेल ते पुरुषाने द्यायचं. हिची माफी मागा."

त्याने हात जोडले, रडला. मुलांसाठी केलं म्हणाला. लीलाम्मा पाठ फिरवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी डहाणूवालीने यादी डायरेक्टरच्या टेबलावर ठेवली. तो अधिकारी धावत वॉर्डात आला.

"मी माफी मागितली होती ना?"

"मागितलीत. मी दिली नव्हती."

आठवड्यात त्याची नोकरी गेली. पण जाताना तोही गप्प बसला नाही, हॉस्टेलात चोरून पूजा चालते असं लिहून गेला. चौकशीत डहाणूवालीने काहीच नाकारलं नाही. तिलाही घरी पाठवलं.

विमानतळावर लीलाम्मा आणि मी पोचवायला गेलो. लीलाम्माने तिचा हात धरून विचारलं, "माझी आई काही परत आली नाही, सिस्टर. तुमची नोकरी मात्र गेली. काय मिळालं?"

डहाणूवाली म्हणाली, "तुझ्या आईचं नाव घेऊन खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं."

एवढं बोलून तिने बॅग उचलली आणि आत गेली. तिला चुकीची ठरवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. ड्युटीवर खाली बसलेली लीलाम्मा आठवते आणि मला ते जमत नाही.