स्निग्धाची सनिधा

आमच्या मास्तरांनी मुलीचं नाव जाडजूड संस्कृत कोशातून शोधून काढलं. स्निग्धा. आमच्या निजामपुऱ्याच्या वस्तीत तेव्हा पोरींची नावं साधी, हाक मारायला सोपी असायची. पण नवरा शाळेत मराठी शिकवणारा, दिवसभर नाकाने कांदे सोलणारा. चारचौघांसारखं नाव ठेवलं असतं तर त्यांना अन्न गोड लागलं नसतं. बारशाला नाव ठेवताना आत्याची, म्हणजे त्यांच्याच बहिणीची, जीभ तीनदा अडखळली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तर बहिणीवर चिडले नाहीत, माझ्यावर चिडले, कारण माझ्या तोंडून ते नाव निघालं ते ‘सनिधा’.

मी पडघ्याकडच्या खेड्यातली. आमच्याकडे जोडाक्षरं एवढी कोणी जोडत बसत नाही. पाहुणे आले की मास्तर मला बाहेर बोलवायचे, मुलीला हाक मारायला लावायचे आणि मान हलवून म्हणायचे, "परत म्हण." पाहुणे चहा पीत गंमत बघायचे. मी परत म्हणायचे, परत चुकायचे. शेवटी मी हाक मारणंच सोडलं. नऊ महिने पोटात वागवलेल्या लेकीला मी नुसतं ‘अगं’ म्हणत होते, कारण ‘बाय’ म्हटलेलंही त्यांना गावंढळ वाटायचं. या गोष्टीचा मला भयंकर राग यायचा.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कापड विणायचे यंत्रमाग होते. ते चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. मास्तर शाळेत गेले की मी भाकऱ्या थापता थापता त्या खडखडाटात मोठ्यांदा सराव करायचे. एका दुपारी वीज गेली आणि सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. माझं आपलं चालूच, सनिधा, सनिधा, सनिधा. नळावरच्या बायकांनी ऐकलं, विडी ओढायला बाहेर आलेल्या कामगारांनी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरची भाभी दारात आली आणि म्हणाली, "कितना मीठा नाम है. आज पता चला." मुलगी चार महिन्यांची झाली होती आणि समोरच्या घराला तिचं नाव ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार कसं? घरात ते घेत कोण होतं?

वर्षभरात गल्लीत आणखी दोन सनिधा झाल्या, पुढे धामणकर नाक्याकडे एक. बारशाला हसलेल्याच बायका आता "आम्ही जरा वेगळं नाव ठेवलंय" असं सांगत मिरवायला लागल्या. नाव त्यांनी माझ्या तोंडून उचललं, मास्तरांच्या कोशातून नव्हे. अडाण्यांनी नाव बाटवलं म्हणून मास्तर जळफळत राहिले. मी सराव सोडून दिला आणि त्यांच्या पाठीमागे लेकीला खुशाल सनिधा म्हणू लागले.

ती पहिलीत गेली. एक दिवस पहिलीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून हजेरी घ्यायला मास्तर गेले. वर्गात तीन सनिधा. त्यांनी तिघींनाही शुद्ध करून ‘स्निग्धा’ असं पुकारलं. एकही ‘हजर’ म्हणेना. स्वतःच्या लेकीसमोर उभं राहून पुकारलं, तरी ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझा नाव सनिधा हाय."

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी माझ्यावर तोफ डागली. मी पोरीची जीभ बिघडवली, भर वर्गात त्यांची शोभा केली, असं बरंच काही. मी भाजी निवडत होते.

"तुम्ही तिला कधी हाक मारलीत?" मी विचारलं.

मास्तरांनी नाव शोधलं, मिरवलं, पण हाक कधी मारली नाही. त्यांचं आपलं कायम ‘पोरीला बोलव’, ‘तिला सांग’. आजच्या आधी बापाच्या तोंडून तिने आपलं नाव ऐकलं असेल ते तान्ही असताना, माझी चूक काढताना. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, ते आमच्याकडे नाव ठेवणाऱ्यालाच लागू होतं.

ते उठून दाराशी गेले, त्यांच्या पाठोपाठ मी. लेक गल्लीत खेळत होती. उंबऱ्यावर बराच वेळ उभे राहिले, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "सनिधा." मागांच्या खडखडाटात ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

"परत म्हणा," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.