हरीभाऊंची चाळीस मिनिटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आम्ही दोघं दिवसभर एकाच दुकानात, एकाच टेबलाशी बसतो.

मुरबाडला आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग तो करतो, एडिटिंग मी. त्या दुपारी तो साखरपुड्याच्या ऑर्डरवर गेला होता, म्हणून कॅमेरा मीच लावला. हे सगळं माझ्या एकटीच्या हातून झालं, एवढं आधीच सांगून ठेवते.

हरीभाऊ धसईचे. भाताची गिरणी चालवायचे. गिरणीच्या धडधडीवर बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली. दोन दिवसांनी मुंबईला ऑपरेशन होतं, त्यानंतर बोलता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायकोला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं, आत येऊन दार लोटलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ताई, माझं बोलनं भरून ठेवा. पोरीसाठी."

पोरगी म्हणजे सुवर्णा. तिने शेणवे गावच्या मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नव्हतं. पाच वर्षं.

आवाज अगदी बारीक येत होता म्हणून मी हेडफोन लावून बसले. म्हणजे ते जे बोलले ते थेट माझ्या कानात. चाळीस मिनिटं. "सुवर्णे, तू गेलीस त्या दिवशी मी गिरनी बंद नाय ठेवली. चालूच ठेवली. आत रडलेलं बाहेर ऐकू जात नाय ना, म्हनून." असं सुरू केलं त्यांनी. जावई एकदा भात भरडायला आला होता, त्याला ओळख दाखवली नाही, पण त्याचं पोतं स्वतः शिवून दिलं — हेही सांगितलं. मध्ये थांबायचे, पाणी प्यायचे. मी कॅमेरा बंद केला नाही.

जाताना म्हणाले, "मी परत आलो तर मीच नेईन. नाय आलो तर तिला द्या. घरी आताच कोनाला सांगू नका."

कॉम्प्युटरमधली जागा संपली होती. नवी हार्ड डिस्क आणून चारच दिवस झाले होते, सगळं तिच्यावर टाकायचं चाललं होतं. नवऱ्याने बजावलं होतं, दोन ठिकाणी ठेव. मी हरीभाऊंचा व्हिडिओ कॉपी न करता कट करून टाकला — लवकर होतं म्हणून. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड? दुसऱ्या दिवशी हळदीची ऑर्डर होती, कार्ड पुसून बॅगेत ठेवलं.

डिस्क तेव्हाच आवाज करत होती. टिक, टिक, मग थोडा वेळ शांत. मला ऐकू येत होतं — नव्हतं असं कसं म्हणू? फाइल उघडायला वेळ लागायचा, कधी डिस्क दिसायचीच नाही, वायर काढून लावली की दिसायची. नवीन आहे, नवीन वस्तू कशी बिघडेल, असं म्हणत मी तिच्यावर आणखी दोन लग्नं टाकली.

तिसऱ्या आठवड्यात हरीभाऊ दवाखान्यातच वारल्याचं कळलं. मी लगेच फाइल उघडली. हरीभाऊ दिसले, घसा खाकरला, कॅमेऱ्यात बघितलं — आणि चित्र हिरव्या चौकटींत फुटलं. अकरा सेकंद. पुढे नुसती खरखर.

मग मी काय केलं? डिस्क काढली, लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चार दिवस चालवलं. शेवटी फाइलचं नाव तेवढं राहिलं, आत काही नाही. कल्याणला एकाकडे घेऊन गेले. त्याने डिस्क कानाशी धरली आणि विचारलं, "आवाज यायला लागल्यावर किती वेळा चालवलीत?" मी म्हटलं, एकदाच. तिथेही खोटं.

सुवर्णा बाराव्यानंतर आली, किन्हवलीला गाडी बदलून. आईने तिला सांगितलं होतं, बाबा त्या स्टुडिओत लई वेळ आत बसले होते. ती काउंटरशी उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून. "माझ्यासाठी काय बोलले का?"

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती रडली असती, भांडली असती, गावभर बोलली असती. मुरबाड केवढंसं. लग्नाच्या ऑर्डरी तोंडातोंडीच मिळतात आम्हाला. एवढा सगळा विचार मी तिच्या समोर उभं राहून केला. करायला वेळ लागला नाही.

म्हटलं, "बसले होते गं बराच वेळ. पण बोलले नाहीत. मग म्हणाले, राहू दे, पुसून टाका."

"घशामुळं? का मनातच नव्हतं त्यांच्या?"

निदान इथे तरी — निदान घशामुळे एवढं तरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "ते मला कसं कळणार?"

"बरं," ती म्हणाली. आणि गेली.

डिस्क बिघडली हा माझा हलगर्जीपणा. पण ते शब्द माझ्याकडे होते. ऐकलेले, ताजे. व्हिडिओ गेला तरी मी तिला बसवून वाक्य न् वाक्य सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण सांगायचं तर व्हिडिओ गेल्याचंही सांगावं लागलं असतं. आज मला त्या चाळीस मिनिटांतली जेमतेम पाच-सहा वाक्यं आठवतात. तिच्या लहानपणाचं काहीतरी होतं, विहिरीजवळचं. काय ते आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

वर्षश्राद्धाला सुवर्णा आली नाही. तिची आई फोटो मोठा करून घ्यायला आली होती, तेव्हा म्हणाली, "पोरगी येतच नाय. म्हनते, मरतानाबी त्यांना मला काय सांगायचं नव्हतं." मी फ्रेम पुसत होते. पुसतच राहिले.

गेल्या महिन्यात धसईच्या बाजारात सुवर्णा समोर आली. कडेवर मुलगी, हातात भाजीची पिशवी. मी नजर चुकवणार तेवढ्यात तिनेच हाक मारली. बरी दिसली. मुलीला म्हणाली, मावशीला नमस्कार कर.

मग म्हणाली, "ताई, आमची सगळी मला बरं वाटावं म्हनून सांगतात, बाबा तुझी आठवन काढायचे, लई जीव होता तुझ्यावर. मला माहीत आहे ना, काय नव्हतं तसं. तुमी तेवढं खरं सांगितलंत."

मी मान हलवली. मुलीच्या गालाला हात लावला आणि मुरबाडची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले.